धावपट्टीवरची बाभळीची फांदी

प्लेगनं सुरत ओस पडली, त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. पर्वत पाटियाकडं राहणारा लोटू पारोळ्याकडचा. बारा वर्षं कापडाच्या लूमवर काढली आणि छाती भात्यासारखी वाजायला लागली. डॉक्टरनं साफ सांगितलं, लूमवर परत गेलास तर मला तोंड दाखवू नकोस. मग मगदल्ल्याच्या विमानतळावर ठेकेदाराकडून गवत कापायचं काम मिळालं. उघडी हवा, खाडीचा वारा. सहा महिन्यांत घरघर निम्म्यावर आली. प्रमिलाबाई शेजारणींना सांगायची, आमचे हे आता इमानाच्या खात्यात आहेत.

इमान म्हणजे दिवसाआड मुंबईहून येणारं एक लहानसं पंखेवालं विमान. त्याचं उडणं लोटूला विशेष वाटत नसे; घारीसुद्धा उडतात. त्याला मौज वाटायची ती उतरल्यावरच्या चालण्याची. लहान म्हटलं तरी धूडच, पण पिवळ्या पट्ट्यावरून नाक न हलवता असं चाले, की नव्या नवरीनं उंबरा ओलांडावा.

भादव्यात केबलसाठी पिवळ्या पट्ट्याच्या वळणाच्या आतल्या अंगाला चर खणला, वरवर बुजवला. काळी माती, वरून टणक दिसली तरी आत लोणी. विमानतळावरच्या देसाईसाहेबांनी झेंड्या मागवल्या होत्या, त्या आल्याच नाहीत. ते जाता जाता म्हणाले, लोटूभाई, काहीतरी निशाणी करून टाक. लोटूनं गावाकडं करतात तेच केलं. बैलगाडीच्या वाटेत दलदल असली की बाभळीची फांदी रोवायची, बुडाशी चुना फासलेले चार धोंडे ठेवायचे. खानदेशात आंधळा गाडीवानही बैल थांबवील.

गुरुवारी इमान तासभर उशिरा आलं. पुढं इमानाला वाट दाखवणारा काशिनाथ दोन्ही हातांत बॅटी धरून सरळ या, सरळ या करत होता. पंखे फिरत असताना पांढरी रेघ ओलांडायची नाही, असा लोटूला हुकूम. तो विळा घेऊन गवतात उभा. काचेआडच्या दोघा वैमानिकांपैकी एक जण मांडीवरच्या कागदात मान घालून बसलेला, दुसरा घाईत. इमानानं वळण लवकर घेतलं. चाक पिवळा पट्टा सोडून आत यायला लागलं, तेव्हा लोटूनं डोक्याचा रुमाल सोडून हवेत फिरवला, ओरडला. त्या घरघराटात त्याचं त्यालाही ऐकू आलं नाही. चाक चरात गेलं आणि इमान एका अंगावर कललं, पाय मुरगळलेल्या म्हशीसारखं.

कुणाला खरचटलंही नाही. माणसं तिथंच उतरवली. एक म्हातारी धोंड्याला अडखळली, म्हणून लोटूनं पळत जाऊन तिला धरलं आणि चारही धोंडे उचलून लांब गवतात टाकले. फांदी पंख्याच्या वाऱ्यानं केव्हाच उडून डांबरावर जाऊन पडली होती.

चौकशीत कॅप्टननं त्या फांदीकडंच बोट दाखवलं. रस्त्यात झाड आडवं होतं, ते चुकवायला वळलो. दुसऱ्यानं मान डोलावली. काशिनाथ म्हणाला, माझं लक्ष नाकाकडं होतं, फांदीचं मला माहीत नाही. त्यालाही पोरंबाळं होती.

देसाईसाहेबांनी लोटूला बोलावलं. समोर इंग्रजीत लिहिलेला कागद.

"फांदी तूच लावली ना?"

"लावली, साहेब. पण चरात, बुडाशी चुन्याचे धोंडे ठेवून. चाक आधी पट्ट्यावरनं उतरलं. आणि निशाणी कर असं तुम्हीच..."

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं, लावलं, परत काढलं. "मी निशाणी म्हटलं. झाड नाही म्हटलं. तिथं धोंडे होते म्हणतोस, ते कुठायत?"

लोटूनं सगळं सांगितलं, म्हातारीसकट. म्हातारी एव्हाना मोटारीत बसून कुठल्या गावाला गेली कोण जाणे. साहेब म्हणाले, यात खोटं काहीच नाही, फांदी तू लावलीस एवढंच लिहिलंय. तेवढं तर खरंच होतं. लोटूनं सही केली.

घरी प्रमिलाबाईनं परातीतला हात तसाच ठेवून विचारलं, "तुम्हीन सही कसाले करी?"

"खरं व्हतं ना ते."

"आनि बाकीनं खरं?"

"ते लिखाले कागदवर जागा नव्हती," लोटू म्हणाला, आणि भिंतीला टेकून बसला.

शनिवारी फाटकावर ठेकेदारानं पास काढून घेतला. वाईट बोलला नाही, विडा हवा का म्हणून विचारलं. चार दिवस लोटू कामरेजपर्यंत फिरला. ऊस निघायला अजून वेळ होता, बांधकामावर तरणी माणसं रांगेत होती. पाचव्या दिवशी तो जुन्या लूमच्या दारात उभा राहिला. रामदास मुकादम हसला. "काय लोटूभाऊ, इमानातनं उतरले का?" आतले दोघं-तिघं जवळ आले, नेमकं काय झालं ते सांग म्हणाले.

लोटूनं फांदीपासून सुरुवात केली. झाड लावलं रनवेवर, असं म्हणून एक जण खो-खो हसत सुटला. धोंड्यांपर्यंत लोटू पोचलाच नाही. त्यानं रुमाल नाकातोंडावर बांधला आणि विचारलं, कोणत्या पाळीला येऊ.