सेरीतलं घर

साहेबांनी गाडीची काच खाली केलीच नाही.

बाहेर सेल्वी स्टीलच्या पेल्यात पाणी घेऊन उभी. ऊन मी म्हणत होतं. आत एसी चालू. साहेबांनी काचेआडून बोट हलवलं, माशी हाकलावी तसं. सेल्वी पेला घेऊन परत गेली. मी घर मोजायची टेप हातात धरून तिथंच उभी होते. पाणी तिनं आणलं होतं, पण कानशिलं माझी तापली.

मी घरांची एजंट. नवऱ्याला तमिळनाडूत, ओरगडमच्या कारखान्यात नोकरी लागली, म्हणून इकडं आले. सिरुसेरीच्या आयटी पार्कात नोकरीला येणाऱ्या मराठी पोरांना मी भाड्याची घरं शोधून द्यायची. पण मला व्हायचं होतं व्हॅल्युअर. बँक कर्ज देण्याआधी घराची किंमत ठरवून घेते, ते काम. माझ्याकडे त्याची पदवी नव्हती. बँकेची कामं करणारे हे साहेब तंजावरकडचे मराठी. "तुम्हीं अमचींच, मा," म्हणायचे. मी त्यांना भागातले भाव पुरवत राहिले, फुकट. शेवटी त्यांनी मला मदतनीस म्हणून घेतलं. सेल्वीचं घर हे माझं पहिलं काम. ती शाळेत शिकवायची. वर एक मजला चढवायला तिला कर्ज हवं होतं.

घर सेरीत. तमिळनाडूत गावाबाहेरच्या दलित वस्तीला सेरी म्हणतात, हे मला उशिरा कळलं. नवीन होते तेव्हा मी सिरुसेरीचं लाडानं 'सेरी' करून टाकलं होतं. इथं मुरलेल्या एका गिऱ्हाइकाला म्हटलं, "सेरीतला फ्लॅट आहे, बघता?" तो चहा टाकून उठला. मी बावळटासारखी बघत राहिले.

सेल्वीच्या खोल्या मी मोजल्या. भिंती पक्क्या, स्लॅब नवा. गाडीत बसून साहेबांना सांगितलं.

"लिहा, सेरी," ते म्हणाले. "भाव निम्मा धरा."

"साहेब, उतरून बघा तरी."

"कशाला? तुम्हीं गेलांत की." मग गालात हसले. "तुम्हांला बरें जमतें, मा, असल्या घरांत जायला. गावीं घर कोठें तुमचें? आंत, कां वेशीबाहेर?"

अंगाचा तिळपापड झाला. वेशीबाहेरच होतं आमचं घर. शाळेत माझ्याही ओंजळीत पाणी वरून पडायचं. वाटलं होतं, इतक्या लांब आले, इथं कोण विचारतंय? विचारलं. माझ्याच भाषेत विचारलं.

"वेशीबाहेर," मी म्हणाले. "आणि साहेब, सिरुसेरी म्हणजे तरी काय? छोटी सेरीच ना? तिथं काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, तेव्हा कुणी नाही भाव निम्मा केला."

"तें वेगळें. लिहितां कां नाहीं?"

"नाही."

"मग दलालीच करा जन्मभर."

मी दार उघडून उतरले. टेप माझी होती, ती घेतली. गाडी धुरळा उडवत निघून गेली.

सेल्वी दारातून सगळं बघत होती. "अक्का, माझं कर्ज?"

मला खोटं बोलवेना. "या माणसाकडून नाही होणार. उद्या दोघी बँकेत जाऊ. दुसरा व्हॅल्युअर मागू. गाडीतून उतरणारा."

तिनं तोच पेला पुढं केला. मी घटाघटा प्यायले.

पदवी लागते? घेईन. स्वयंपाक करता करता शिकेन, घरं दाखवता दाखवता शिकेन, पण घेईन. आणि सही माझी चालायला लागली की किंमत घरात शिरून ठरेल. भिंत बघेन, छप्पर बघेन, पाया बघेन. वेस बघणार नाही. कुणी विचारलंच, तुम्ही कुठल्या, तर आधी सांगेन, वेशीबाहेरची. मग टेप उलगडेन.