चकचकीत कागदावरची हुशारी

आमची मुलगी तिसरीनंतर शाळेत गेली नाही. तरसालीच्या घरी मीच तिला शिकवते. माझ्या थोरल्या नणंदेला हे कधीच पटलं नाही. त्या जुन्या शहरातल्या घडियाळी पोळ या गल्लीत राहतात, जन्मभर शाळेत शिकवून निवृत्त झाल्या आणि अजूनही कुठलंही मूल दिसलं की आधी त्याची इयत्ता विचारतात. गेल्या दिवाळीत सगळ्यांदेखत म्हणाल्या, "अगं, तुझी पोरगी नेमकी कुठे आहे, हे तुला तरी ठाऊक आहे का?"

"आत आहे, चकल्या खातेय."

कुणी हसलं नाही. नणंदबाई म्हणाल्या, "त्या मोठ्या परीक्षेला बसव तिला. देशभरातल्या मुलांत कुठे बसते ते कळेल."

घरी येताना नवरा म्हणाला, "बसू दे ना एकदा. ताईचं तोंड तरी बंद होईल." मी कबूल झाले. मुलीचं काही कळावं म्हणून नव्हे, निव्वळ त्या तोंडासाठी.

मकरपुऱ्यात मोबाइलच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर त्या परीक्षेचा तयारीवर्ग होता. तिथल्या सरांनी मुलीकडे मान वर करूनसुद्धा न पाहता मला गुजरातीत सांगितलं, "बेन, चिंता ना करो. छोकरी होशियार छे." सहा रविवार ती तिथे गेली. काय शिकवतात, हे मी एकदाही विचारलं नाही.

निकाल आला तो सोनेरी किनारीच्या जाड, चकचकीत कागदावर. गणित: उत्कृष्ट. अपूर्णांक: अत्युत्कृष्ट. आणि या असल्या कागदांची कायम टिंगल करणाऱ्या मी काय केलं? फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. नणंदबाई पेढे घेऊन हजर. "बघ, मी म्हटलं नव्हतं?" जणू परीक्षा त्यांनीच दिली होती. मीही पेढा खाऊन गोड हसले. आम्हा दोघींत जास्त हास्यास्पद कोण, हे ठरवणं कठीण होतं.

त्याच आठवड्यात आम्ही मायलेकी शंकरपाळे करत होतो. कृतीत साखर पाऊण वाटी लिहिली होती, आम्हाला निम्मेच करायचे होते.

"पाऊण वाटीच्या निम्मी किती गं?" मी विचारलं.

तिनं हातातली वाटी खाली ठेवली. मग अगदी मनापासून म्हणाली, "पर्याय काय आहेत?"

मला वाटलं, चेष्टा करतेय. पण तिचा चेहरा गंभीर होता.

"पर्याय नाहीत. साखर आहे."

"मग कसं सांगू? सर म्हणायचे, दोन उत्तरं उघड चुकीची असतात, ती आधी खोडायची. उरलेल्यांत अंदाज."

"आणि अपूर्णांक?"

"ते नाही शिकवले. खोडायलाच शिकवलं." तिचे डोळे भरले. "आई, मला येत नाहीत ते. तू इतकी खूश होतीस, म्हणून बोलले नाही."

वर्गाची, सरांची, ताईंची मला किळस आली. पण सर्वांत जास्त स्वतःची. तो कागद मी तिच्यासमोरच रद्दीत टाकला.

यंदा परीक्षेचे फॉर्म निघाल्याबरोबर नणंदबाईंचा फोन आला. मी म्हटलं, "नाही बसवणार."

"वेडी आहेस का? एवढा छान निकाल लागला होता!"

"त्या निकालाला अपूर्णांक येतात, ताई. मुलीला येत नाहीत."

त्यांनी फोन ठेवला. अजून त्या मुलीच्या हुशारीबद्दल नातेवाइकांना सांगतात, तो फोटो दाखवून. मुलगी मात्र दोन महिने अपूर्णांकांवरच अडलीय. सावकाश चाललंय, चुकतं, चिडते, पुन्हा मांडते. तिला काय येतं आणि काय नाही, हे आता आम्हा दोघींनाही नीट माहीत आहे.