पत्रिकेत अक्कानं लिहिलेलं नाव

वालचंदनगरच्या कारखान्यात मी लेथवर उभा होतो, तेव्हा गेटवरून निरोप आला की इंदापूरहून फोन आलाय. फोनवर माझा थोरला भाऊ, दादा होता. ‘अक्का गेली रं...’ एवढंच म्हणाला. सुमनअक्का, आमची थोरली बहीण, भवानीनगरजवळच्या सरकारी दवाखान्यात नर्स होती. सकाळी एक बाळंतपण उरकून ती खुर्चीत टेकली, ती उठलीच नाही. वय सत्तेचाळीस. त्याला आता दीड महिना झाला. तिच्याबद्दल लिहायचं तर माझी एक गोष्ट झाकून लिहिता येणार नाही, आणि झाकलेलं तिला कधी आवडलं नाही. म्हणून आधीच सांगतो, मी समलिंगी आहे. आमच्या समाजात हे सगळ्यांना ठाऊक आहे. आता वाचणाऱ्यांनाही ठाऊक असू दे.

आई-वडील लवकर गेले. दादा कचेरीत कारकून झाला, अक्का नर्स, आणि दोघांनी मिळून मला आयटीआयला घातलं. अक्का लग्न होऊन वर्षाच्या आत विधवा झाली आणि परत कुणाच्या दारात उभी राहिली नाही. आमचा बौद्ध समाज आसपासच्या तालुक्यांत गावोगाव विखुरलेला, पण एकमेकांना घट्ट धरून असलेला. बारामतीत कुणी रुसलं तर इंदापुरात त्याची चर्चा. चौऱ्याण्णव साली दादानं माझ्यासाठी बारामतीची एक मुलगी पाहिली. शिकलेली, चांगल्या घरची. साखरपुड्याला आठ दिवस उरले तेव्हा मी दोघांना अक्काच्या घरी बसवलं आणि सांगून टाकलं की मला बाईशी संसार जमणार नाही, माझा जीव पुरुषावरच जडतो, पहिल्यापासून. दादा आधी हसला. मग म्हणाला, लग्न झालं की सगळं ताळ्यावर येतं, आणि आता नाही म्हटलं तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही. अक्कानं दादाला विचारलं, “आन् त्या पोरीचं काय?”

दादा उठून दारात जाऊन उभा राहिला.

“आपली लाज झाकायला दुसऱ्याची लेक न्हाय आणायची,” ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी रजा टाकून ती एकटी एसटीनं बारामतीला गेली आणि मुलीच्या वडिलांना नकार सांगून आली. त्या वाटेवर ती सबंध वेळ रडत होती, हे तिनं मला फार उशिरा सांगितलं. तीही घाबरलीच होती. पण परत आली ती चप्पल काढता काढता विचारतच आली, कुणी आहे का तुझं? मी सुरेशचं नाव सांगितलं. तो आमच्याच कारखान्यात ड्राफ्ट्समन, माझ्याच क्वार्टरमध्ये राहणारा. “मग मला भेटव की,” एवढंच म्हणाली.

बातमी महिन्याभरात सगळीकडं पसरली. दादानं माझ्याशी बोलणं टाकलं, ते तीन वर्षं. सत्त्याण्णवला त्याच्या मुलीचं लग्न ठरलं. पत्रिकेत भावकीतल्या पार लांबच्या चुलत्यांची नावं होती, माझं, सख्ख्या काकाचं नव्हतं. वाटायला दिलेला गठ्ठा घेऊन अक्का जमिनीवर बसली, निळा पेन काढला आणि एकेका पत्रिकेवर काकांच्या रांगेत माझं नाव लिहीत सुटली. मी म्हणालो, राहू दे, मी येतच नाही लग्नाला. तिनं मान वर केली नाही. “तू येणार. म्होरल्या रांगेत बसणार.”

त्या पत्रिका तिनं घरोघर जाऊन वाटल्या. चौथ्या दिवशी समाजातले एक तात्या तिच्याकडं आले. आवाज न चढवता म्हणाले, “सुमनबाई, किती कष्टानं आपण वर आलो. समाजाचं नाव खराब व्हतंय.”

अक्कानं त्यांच्यापुढं चहा ठेवला. “तात्या, ज्यांनी आपल्याला येशीभायेर ठिवलं, त्यांचंच काम आपण आपल्या घरात करायचं का?”

तात्या चहा न पिताच उठले. पण लग्नाला आले. मीही गेलो, पुढच्या रांगेत बसलो. अक्काच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला सुरेश. बुद्धवंदना झाल्यावर दादा जवळ आला, सुरेश तिथं नसल्यासारखं माझ्याकडं बघून हळूच म्हणाला, “जेवल्याबिगर जाऊ नको.” अक्का लगेच म्हणाली, “दोघं जेवणार हाईत.”

ती काही देवी नव्हती. मिश्री लावायची आणि आम्हाला सिगारेटवरून झापायची, रागावली की आठ-आठ दिवस अबोला धरायची. मला आता तो अबोलाही हवाय...

अक्काच्या पुण्यानुमोदनाचा विधी झाल्यावर नातेवाइकांनी तिच्या दोन खोल्यांना कुलूप लावायचं ठरवलं. मी किल्ली दिली नाही. दर रविवारी सुरेश आणि मी जातो, झाडलोट करतो, तिच्याच शेगडीवर मटण शिजवतो. गेल्या रविवारी न सांगता दादा आला, भिंतीला टेकून बसला. सुरेशनं ताट वाढलं. दोन घास झाल्यावर दादा ताटात बघत म्हणाला, “सुरेशराव, रस्सा झाक झालाय. पर अक्कावानी न्हाय.”

पाच वर्षांत दादानं पहिल्यांदा सुरेशचं नाव घेतलं होतं. सुरेशनं आणखी एक भाकरी वाढली. समोरच्या घरातल्या बायका वाकून वाकून आमच्या खिडकीतून आत बघत होत्या. मी उठलो आणि खिडकीची दुसरी फळीही उघडली.