दहापैकी आठ

बेंगळुरूत मल्लेश्वरमला राहणाऱ्या व्यंकोजीराव घाटग्यांनी जन्मात कुणाला दहापैकी दहा दिले नाहीत, आणि त्याचा त्यांना अभिमान होता. एका सरकारी कारखान्यात चौतीस वर्षं ते क्वालिटी इन्स्पेक्टर होते. लेथवरून उतरलेला दांडा हातात घ्यायचा, मोजायचा, उजेडात फिरवायचा आणि पास करतानाही चेहरा नापासाचा ठेवायचा, हा त्यांचा शिरस्ता. निर्दोष वस्तू जगात नसते, चालवून घेण्याजोगी असते, असं ते म्हणत. घरातही हाच न्याय. लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली, भाग्यलक्ष्मीबाई रोज ताट वाढून विचारायच्या, "कसं झालंय?" आणि हे म्हणायचे, "आठ." दिवाळीच्या करंजीलाही आठच. "आठ म्हणजे आमच्या घरी उत्तम," असं ते पाहुण्यांना समजावून सांगत. पाहुणे हसत. बाई हसत होत्या की नाही, ते कुणी बघितलं नाही.

निवृत्तीनंतर मोजायला काही उरलं नव्हतं. मग आल्या क्रूझ. मुलगी श्वेता सर्जापूर रोडला राहते, आयटीत आहे. तिला आईवडिलांकडे यायला वेळ नसतो, म्हणून ती त्यांना बोटीवर पाठवते. चार वर्षांत तीन वेळा पाठवलं, तिन्ही वेळा वेगळ्या कंपनीच्या बोटीनं. कंपन्यांची लांबलचक इंग्रजी नावं बाईंच्या जिभेवर बसेनात, म्हणून घरात त्या धुराड्याच्या रंगानं ओळखल्या जाऊ लागल्या: तांबडी, पांढरी आणि निळी.

व्यंकोजीरावांनी बॅगेत कपड्यांच्या आधी मोजपट्टी टाकली. अंघोळीची जागा किती इंच, लिफ्टपासून खोलीपर्यंत पावलं किती, नाश्त्याच्या रांगेत मिनिटं किती, सगळं वहीत. तांबडीचं तिकीट स्वस्त, पण पाण्याच्या बाटलीपासून पुढं प्रत्येक गोष्टीला वेगळा आकडा. जेवण मात्र आपलं, आणि संध्याकाळी हिंदी गाण्यांवर सगळी बोट नाचणार, तुम्हाला झोप येवो न येवो. पांढरीवर नाटकं झकास, स्वच्छता नजर लागेल अशी, पण शाकाहारी माणसाला चार दिवस तेच तीन पदार्थ आलटून पालटून. निळी सगळ्यांत महाग. सिंगापूरहून सात रात्री, आणि वर रोजची बक्षिसी कंपनीच बिलात धरून टाकणार. पण दिवसाच्या हिशेबानं पाहिलं तर निळीच परवडते, असा त्यांचा निष्कर्ष होता. हा तक्ता त्यांनी सकाळच्या फिरायच्या ग्रुपवर टाकला आणि माणूस एका दिवसात क्रूझपंडित झाला. अख्ख्या मल्लेश्वरमात कुणी बोटीचं नाव काढलं, की "घाटग्यांना विचारा" म्हणू लागले. समुद्रावर एकूण चौदा रात्री काढलेला माणूस! पण तक्ता होता ना. तक्ता असला की शहाणपणाला कुणी वय विचारत नाही.

निळी तक्त्यात वर आली ती एका माणसामुळं. त्याचं नाव बसवंत. खानापूर तालुक्यातला, चाळिशी ओलांडलेला, अकरा वर्षं बोटींवर खोल्या आवरणारा. पहिल्याच दिवशी भाग्यलक्ष्मीबाई नवऱ्याला मराठीत म्हणाल्या, "उशी स्वल्प उंच आहे." चादर घालणारा हा एकदम वळला. "अक्का, तुम्ही मराठी? दुसरी उशी आणतो की!" त्या दिवसापासून हे त्याचे अण्णा आणि त्या अक्का झाल्या.

तिसऱ्या दिवशी समुद्र खवळला. बाईंना उलट्या सुरू झाल्या, पोटात पाणी ठरेना. व्यंकोजीराव कुठं होते? वरच्या मजल्यावर. बोट हलताना जेवणाची रांग लांबते की आखडते, ते बघत होते. बसवंतानं आधी हिरवी सफरचंदं आणून दिली, आल्याचा तुकडा दिला, आणि दुपारी एका वाटीत दहीभात घेऊन आला. वर कढीलिंबाची फोडणी. व्यंकोजीराव परतले तेव्हा बाई उठून बसून जेवत होत्या.

"कुठनं आणलास रे?" त्यांनी विचारलं.

"आमच्या कामगारांच्या जेवणातला हाय, अण्णा. अक्का, वाटी तेवढी बाहेर पॅसेजमध्ये ठेवू नका. मीच येऊन नेतो."

चौतीस वर्षं नियम वाचण्यात घालवलेल्या माणसाला या वाक्यातून काही कळायला हवं होतं. कळलं नाही. त्यांनी वहीत लिहिलं: दहीभात, चव उत्तम.

शेवटच्या दिवशी बसवंत दाराशी घुटमळला. टॉवेल आवरून झाले होते, तरी जाईना. मग म्हणाला, "अण्णा, घरी गेल्यावर तुम्हाला एक फॉर्म येईल. रागावू नका, पण सांगतो. आमच्याकडं नऊ आणि दहा एवढेच गुण धरतात. आठ म्हणजे नापास. माझं काँट्रॅक्ट या फेरीला संपतंय. परत बोलवायचं की नाही ते ह्या फॉर्मावरच ठरवतात. पोरगी नर्सिंगला हाय, दुसऱ्या वर्षाला."

व्यंकोजीरावांचा चेहरा बदलला. कारखान्यात दांडा पुढं करून "साहेब, बघून घ्या" म्हणणाऱ्या फिटरकडं पाहताना व्हायचा तसा. "बघू," ते म्हणाले.

खाली उतरताना बाई म्हणाल्या, "अहो, देऊन टाका दहा. आपल्या बापाचं काय जातंय?"

"मागून गुण मिळत नसतात, भाग्या. मागितले नसते तर कदाचित नऊ दिले असते."

आणि ते नऊही दिले नसते, हे बाईंना ठाऊक होतं.

फॉर्म घरी आल्यावर त्यांनी तो सकाळची पूजा आटोपून, चष्मा पुसून, सावकाश भरला. जेवण सात. अंघोळीची जागा पाच. खोलीचा सेवक: आठ. तिन्ही कंपन्यांत मिळून त्यांनी कुणाला दिलेला हा सर्वांत मोठा आकडा होता. आणि माणूस कृतघ्न नव्हता. खाली शेरा लिहायला जागा होती तिथं त्यांनी कारखान्याच्या वळणदार इंग्रजीत पाच ओळी लिहिल्या. तीन कंपन्यांतला हा सर्वोत्तम सेवक आहे, पत्नी आजारी असताना त्यानं कामगारांच्या भोजनगृहातून दहीभात आणून दिला, असा कर्मचारी कंपनीनं जपावा. दोनदा वाचलं, एक स्वल्पविराम दुरुस्त केला आणि धाडून दिलं. त्या दिवशी त्यांना फार बरं वाटलं.

सहा-सात महिन्यांनी फिरायच्या ग्रुपनं निळीवर जायचं ठरवलं. अकरा जोडपी, अकरा खोल्या. सेक्रेटरी कृष्णमूर्ती म्हणाले, "घाटगे, तुमचा तो दहीभातवाला आम्हाला मिळाला पाहिजे." बोटीवरून उतरताना बसवंताचा नंबर घेतला होता, त्यावर व्यंकोजीरावांनी ऐटीत मेसेज केला: आपली बावीस माणसं येताहेत, त्यांच्याकडं बघ.

उत्तर आलं, "अण्णा, मी आता बोटीवर नाही. बेंगळुरूतच आहे. एचएसआर लेआउटला."

भेटायला गेले ते खरं तर कुतूहलानं. मोठ्या हॉटेलात लागला असेल, असं मनात. पत्ता निघाला एका पीजीचा, आयटीतल्या पोरांच्या चार मजली वसतिगृहाचा. तिसऱ्या मजल्यावर बसवंत पोरांच्या मळक्या चादरी जिन्यात गोळा करत होता. यांना पाहून त्यानं हात पँटीला पुसले आणि एक प्लास्टिकची खुर्ची आणली. स्वतः चादरींच्या गाठोड्यावर बसला.

"अक्का बऱ्या हायत?"

"बऱ्या आहेत. पण तू इथं कसा?"

"परत बोलावणं आलं नाही." तो साधेपणानं म्हणाला. "एका फॉर्मात आठ पडले होते. आठांचं बघून घेतलं असतं, आमचा सुपरवायझर बरा होता. पण खाली लिहिलं होतं, कामगारांचं जेवण पाहुण्यांच्या खोलीत नेलं म्हणून. त्याला सक्त मनाई असते, अण्णा. कुणाला विषबाधा झाली तर कंपनी बुडेल. मला भरतीच्या ऑफिसात बोलवून वाचून दाखवलं. नाव, खोली काही सांगत नाहीत."

व्यंकोजीरावांनी खुर्ची थोडी पुढं ओढली. "मग तुला कसं..."

"दहीभात मी अकरा वर्षांत एकाच खोलीत नेला होता की."

जिन्यात कुणाच्या तरी मोबाइलवर क्रिकेट चाललं होतं. व्यंकोजीरावांनी पेन काढायला खिशात हात घातला. शेवटी म्हणाले, "मी कंपनीला पत्र लिहितो. आजच लिहितो. चांगलंच लिहिलं होतं रे मी, तुझं कौतुकच केलं होतं."

"ठाऊक हाय, अण्णा. ऐकलं की मी सगळं." त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच सोसवेना. बैल गेल्यावर झोपा बांधून काय होणार! दुसऱ्या कंपन्यांत खटपट केली होती. या वयाला नवा माणूस म्हणून कुणी घेत नव्हतं. पोरीचं शिक्षण मेहुणा बघत होता. तो बघतोय म्हणजे घरात काय ऐकावं लागत असेल, ते बसवंत बोलला नाही.

निघताना त्यानं एकच मागितलं. "तुमची माणसं जाताहेत म्हणालात ना? त्यांना तेवढं सांगा. ज्याचं काम आवडलं त्याला नऊ नाहीतर दहा द्या म्हणावं. आणि शेऱ्यात काही लिहू नका म्हणावं. बाकी काही नको."

"सांगतो," व्यंकोजीराव म्हणाले. "नक्की सांगतो."

आणि सांगितलं नाही. बघा, चार वाक्यांचं काम होतं. रोज सकाळी त्या बावीस जणांबरोबर ते फेऱ्या मारत होते. कृष्णमूर्ती रोज विचारत, उलटीची गोळी कुठली घेऊ, कोट लागेल का, खोली खिडकीची घेऊ की आतली. हे सगळ्याची उत्तरं देत. पण गुणांचं सांगायचं तर का ते सांगावं लागलं असतं. का सांगायचं तर दहीभात सांगावा लागला असता. मग तक्त्याला कोण विचारणार, आणि तक्ता करणाऱ्याला? लाज माणसाला सुधारते म्हणतात. यांना तिनं फक्त मुकं केलं. घरीही बाईंना एवढंच सांगितलं, की बसवंत आता इथंच कामाला आहे, बरा आहे.

मंडळी निळीवर गेली आणि आली. आल्याच्या तिसऱ्या दिवशी कृष्णमूर्ती चॉकलेटचा डबा घेऊन घरी आले. सोफ्यावर बसून तासभर बोलले. तुमचा तक्ता म्हणजे अगदी अचूक, घाटगे! अंघोळीची जागा खरंच तेवढीच. आमच्या मजल्यावर एक नेपाळी बाई होती, काय सेवा केली म्हणून सांगू! आमच्या सौभाग्यवतीचे पाय सुजले तर रोज गरम पाणी आणून द्यायची.

"काल सगळ्यांनी मिळून फॉर्म भरले," ते कौतुकानं म्हणाले. "त्या बाईनं निघताना काहीतरी नऊ-दहाचं सांगितलं होतं. पण मी ग्रुपला म्हटलं, आपली एक पद्धत आहे. घाटग्यांची पद्धत. आठ म्हणजे उत्तम! अकराच्या अकरा खोल्यांनी तिला आठ दिले. आणि गरम पाण्याचं मी मुद्दाम खाली लिहिलं. कुठनं आणायची कोण जाणे."

भाग्यलक्ष्मीबाईंनी कॉफी पुढं केली. व्यंकोजीरावांनी पेला धरला, पण तोंडाला लावला नाही. कृष्णमूर्ती गेल्यावर बाईंनी विचारलं, "काय होतंय तुम्हाला?"

मग मात्र त्यांनी सगळं सांगितलं. आठ, शेरा, चादरींचं गाठोडं, आणि 'नक्की सांगतो' म्हटलेलं. संपल्यावर बाई कॉफीचे पेले उचलून आत गेल्या.

दुपारी ताट वाढलं. भात, सांबार, बीन्सची परतलेली पल्या, कडेला दही. वाढून झाल्यावर बाई नेहमीसारख्या समोर थांबल्या नाहीत, काही विचारलंही नाही. ओट्याकडं वळल्या.

व्यंकोजीरावांनी एक घास घेतला. तो गिळायला वेळ लागला. मग ते पाठमोऱ्या बायकोला म्हणाले, "दहा."

बाईंनी वळून पाहिलं. डोळे कोरडे होते.

"मला नकोत," त्या म्हणाल्या. "एक्केचाळीस वर्षं मी आठांवर काढली, कारण मला इथनं काढून टाकणारं कुणी नव्हतं. ज्यांना लागत होते त्यांना तुम्ही दिले नाहीत. जेवा आता, गार होतंय."