दोरीचं टोक बाहेर

अण्णाच्या नंबरवरून फोन आला, तेव्हा मी पार्किंगमध्ये गाडीच्या उघड्या इंजिनावर जुनी चादर टाकत होते. कावळे फार, आणि त्यांचा काही नेम नाही. फोन उचलताच मी सुरू झाले, ‘‘कुठं राहिलास? चहाचं आधण आटलं इथं!’’ पलीकडून अनोळखी आवाज आला. ‘‘ताई, तुमी कोन? ह्या फोनात ‘घर’ असा लिवलाय, म्हनून लावला...’’ इंजिनाच्या वरच्या झाकणाचं पॅकिंग आणायला अण्णा सारसोळ्याच्या बाजूला गेला होता. दुकान दुपारी बंद होतं म्हणून हातातलं काम तसंच टाकून घाईने निघाला. पॅकिंग घेऊन दुकानाच्या पायरीवर जरा टेकला, तो तिथंच गेला. माझं नाव त्याने फोनात ‘घर’ म्हणून ठेवलं होतं, हे मला तेव्हा कळलं. समोरासमोर तो मला ‘सुमे’ म्हणायचा, रागात असला तर ‘सुमन’, आणि मी चिडले की नुसतं ‘हं’.

अण्णा माझा थोरला भाऊ. मूळचे आम्ही साताऱ्याकडचे. त्याने लग्न केलं नाही, आणि माझे मिस्टर गेल्यावर मी नेरूळला त्याच्या तळमजल्यावरच्या घरात राहायला आले. न्हावा शेवा बंदरावरच्या एका क्लिअरिंग एजंटकडे त्याने उभा जन्म कागदांवर शिक्के मारण्यात घालवला, पण जीव सगळा पांढऱ्या जुन्या गाडीत. ती स्वयंपाकघराच्या खिडकीखालीच उभी असायची. सकाळी तो ती सुरू करायचा, सारसोळ्याच्या धक्क्यावर जाऊन होड्या बघायचा, मासळी घेऊन यायचा. अलीकडे गाडी सुरू झाली की मागून निळसर धुराचा लोट निघायचा आणि थेट माझ्या ओट्यावर यायचा. स्टार्टरचा आवाज झाला की मी खिडकी लावायची, गाडी फाटकाबाहेर गेली की उघडायची. रोज. ‘‘तुझी गाडी आणि तू, दोघं मिळून मला खोकला लावणार,’’ मी म्हणायची. तो हसायचा. मग सोसायटीचे सेक्रेटरीही दोनदा बोलून गेले, आणि वरच्या मजल्यावरच्या बाळाला त्रास होतो म्हटल्यावर अण्णाने ते मनावर घेतलं.

रोगाचं निदान त्याने मोबाइलवर व्हिडिओ बघून केलं. रात्रभर गाडी उभी राहिली की व्हॉल्व्हच्या दांड्यांवरून तेल थेंबथेंब आत उतरतं आणि सकाळी जळतं. दांड्यांवरची रबराची टोपणं, म्हणजे व्हॉल्व्ह सील, कडक झालेली असतात, ती बदलायची. गॅरेजवाला म्हणाला, सगळं इंजिन उघडू. अण्णा म्हणाला, घरीच करू. आता सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही, हे मला माहीत होतं, म्हणून मी पदर खोचला. अडचण एकच होती. वरची स्प्रिंग काढली की व्हॉल्व्ह सुटतो आणि खाली सिलिंडरमध्ये पडतो. त्याला खालून आधार पाहिजे. त्यावर युक्ती अशी की प्लगच्या भोकातून आत दोरी भरायची आणि इंजिन हाताने फिरवून पिस्टन वर आणायचा. दोरीचा गोळा दाबला जातो आणि व्हॉल्व्ह जागच्या जागी धरून ठेवतो. दोरी दिली कमळाकरने. हा सारसोळ्याचा कोळी, धक्क्यावरचा अण्णाचा दोस्त. ‘‘जाल्याची दोरी हाय दादा, तुटनार नाय,’’ म्हणाला. अण्णाने तिच्या टोकाला मोठी गाठ मारली आणि ती चार वेळा ओढून बघितली.

पाना माझ्या हातात. मी हळूहळू इंजिन फिरवायची आणि तो भोकाशी कान लावून, ‘‘अजून... अजून थोडं... बस्स!’’ खरं तर दोरी दाबली गेली की पान्यालाच कळायचं, पण ‘बस्स’ म्हणायचा मान त्याचा. मग न चुकता विचारायचा, ‘‘सुमे, टोक भायेर हाय न्हवं?’’ ते आत गेलं की मग सगळंच उघडावं लागतं. ‘‘आहे रे बाबा,’’ मी म्हणायची. ‘‘मग सोड. आता न्हाई पडत त्यो.’’ स्प्रिंग दाबून तिला वरून अडकवून ठेवणारी नखाएवढी दोन लॉक काढायची, जुनं सील उपटायचं, नवं बसवायचं, लॉक परत घालायची. ही लॉक बोटात धरवत नाहीत, म्हणून ग्रीस लावून चिकटवतात. दुसऱ्या सिलिंडरला ग्रीस संपलं. अण्णाने माझ्या तुपाची वाटी मागितली, आणि सकाळच्या गारव्यात काम झालंही झक्क. दुपारी नेरूळच्या उकाड्यात तूप पातळ झालं आणि एक लॉक घरंगळून इंजिनाखालच्या सांदीत गेलं. फ्रीजवरचं चुंबक दोऱ्याला बांधून आम्ही दोघं संध्याकाळपर्यंत पालथे पडलो होतो. लॉक मिळालं, आणि त्याला बेसनाच्या लाडवासारखा वास येत होता! पार्किंगमध्ये बसून इतकं हसलेलं मला आठवत नाही... त्या वयात कोण हसवतं आपल्याला?

तीन सिलिंडर झाले. चौथ्यात त्याने दोरी भरली, मी पाना फिरवला, तो ‘बस्स’ म्हणाला आणि पॅकिंगला गेला.

दिवसकार्य झालं, माणसं पांगली. दुसऱ्या भावाचा मुलगा फोनवर म्हणाला, ‘‘आत्या, भंगारात दे, टेन्शन नको.’’ सेक्रेटरींनीही अदबीने विचारलं. त्यांचं चुकत नव्हतं. मला गाडी चालवता येत नाही, आणि खरं सांगायचं तर मला गाडी नकोच होती. पण त्याचं काम अर्धं राहिलं, असं कुणी म्हणायला नको होतं. आणि काम पुरं करायचं तर दोरी काढायला हवी. ती त्याच्या हाताने आत गेली होती... मी रोज चादर उचलून गाठ बघायची आणि पुन्हा झाकायची. घरात भांडायला कुणी नव्हतं. मासळी बंद झाली होती. कुकर एका वाटीचा लागायचा, आणि मी तरी दोन वाट्या लावायची.

शेवटी कमळाकरच आला. बोंबलांची पिशवी दारात ठेवून म्हणाला, ‘‘ताई, दोरी परत नको मना. पन दादाचा काम तसाच ठेवनार का?’’ मी पाना काढून आणला. त्याला गाड्यांचं बेताचंच कळत होतं, पण जाळी विणणाऱ्या बोटांचं त्या लॉकांनी ऐकलं. पुढचं काय, ते मी सांगत होते. या खेपेला ग्रीस आणलं होतं. शेवटचं सील बसलं. मग पाना उलटा फिरवून मी दोरी ओढली. ती हळूहळू बाहेर आली, काळी, तेलकट, हातभर, दोन हात... आणि मी तिथंच फरशीवर बसून रडले. कमळाकरने मिस्त्रीला बोलावून बाकीची जुळणी करून घेतली आणि मला म्हणाला, ‘‘रातभर उभी ऱ्हाऊ दे. सकालीच खरा समजंल.’’

दुसऱ्या दिवशी मी चहा टाकत असताना खिडकीखाली स्टार्टर वाजला. हात आपोआप खिडकीच्या कडीवर गेला, आणि मग मुद्दाम थांबला. इंजिन सुरू झालं. मी ओट्याशी उभी राहिले. बाहेर कमळाकर ओरडत होता, ‘‘ताई, धूर नाय! झाला दादाचा काम!’’ मी अजून थोडी थांबले. नुसती मोकळी हवा आत आली. इतकी वर्षं ज्या धुरावर मी चडफडले, तो त्या सकाळी एकदा तरी यायला हवा होता.

गाडी कमळाकर घेऊन गेला. मासळी पोचवायला वापरतो आणि सकाळी धक्क्याजवळ उभी करतो. दोरी मात्र मी ठेवून घेतली. साबणाने धुतली, तरी तेलाचा डाग गेला नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीच्या गजाला बांधून तिच्यावर ओट्याची फडकी वाळत घालते. खिडकी आता दिवसभर उघडीच असते. रात्री ती लावायच्या आधी मी एकदा हात बाहेर घालून गाठ चाचपते आणि मोठ्याने सांगते, आहे रे बाबा, बाहेर आहे.