बायकोला दाराबाहेर उभं करणाऱ्या डॉक्टर

डॉ. वासंती महाजन यांची नि माझी ओळख झाली ती माझ्या चुकीमुळे. मॅडमच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या अंकात ती मीच सांगते, म्हणजे दुसऱ्या कुणी तिखटमीठ लावायला नको!

लकव्याचा रुग्ण आला की आम्ही एक ठरलेला तक्ता भरतो. महिना कोणता, वय किती, डोळे मिटा, मूठ वळा, हात उचला. जमलं नाही की गुण वाढतात. म्हणजे इथे जास्त गुण वाईट. सुरतेत हेच प्रश्न मराठी, गुजराती, हिंदीत विचारून जीभ कोरडी पडते. मॅडमचीही पडते. त्या स्टुलावर टेकतात, "दमले गं बाई," म्हणतात आणि पहिल्यापासून विचारतात.

त्या दुपारी उधन्याचा एक लूम-कामगार आला. उजवा हात जरासा खाली येत होता, बाकी सांगितलेलं सगळं करत होता. बोलत मात्र नव्हता. माझ्या पाठीमागे उभी त्याची बायको अहिराणीत म्हणाली, "शाळा शिकेल नही शेतस, सिस्टर. लाजतस." मीही थकलेली. बरं म्हटलं, तोंडी प्रश्न आणि चित्रं ओळखायचा भाग सोडला आणि हाताचा तेवढा लिहिला एक गुण. एवढ्याशा गुणावर मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देत नाहीत, आणि ते ज्या काही तासांत द्यावं लागतं, ते तर भराभर सरत होते.

मॅडमनी कागद पाहिला नि विचारलं, "बाई कुठे उभ्या होत्या?"

नवरा-बायको एकाच कारखान्यात. लूमच्या खडखडाटात माणसं हातवाऱ्यांनीच बोलतात. मी "डोळे मिटा" म्हणत होते, ती मागून खूण करत होती. फसवायला नव्हे हो, सवयीनं! मॅडमनी तिला आदबीनं बाहेर नेलं, स्वतःचे हात मागे बांधले आणि म्हणाल्या, "दादा, डोळे मिटा." तो नुसता बघत राहिला. त्याला शब्दच कळत नव्हते. गुण वाढले, स्कॅन झाला, इंजेक्शन वेळेत गेलं.

तिसऱ्या दिवशी तो बायकोवर खेकसला, "चहामा साखर नही का?" ती माउली पदर तोंडाला लावून रडली.

मॅडम मला रागावल्या नाहीत. जिन्यात बसून पाय चोळत म्हणाल्या, "मीही हेच केलं होतं. कडोदऱ्याचा माणूस होता. त्याच्या बायकोचे हात मी पाहिलेच नाहीत. त्याची वाचा गेली ती गेलीच."

तेव्हापासून आमच्या वॉर्डात तपासणीच्या वेळी नातेवाईक दाराबाहेर. लोक चिडतात, आम्हाला दगडाच्या काळजाचे म्हणतात. म्हणोत बापडे.

त्या कडोदऱ्याच्या घरी मॅडम अजून दर रविवारी जातात. त्यांच्या ड्रायव्हरकडून कळलं. तो माणूस हसतो, खुर्ची पुढे करतो, तासभर दोघं गप्प बसतात.

मॅडम, आपल्याला निरोगी, उदंड आयुष्य लाभो. आणि लहान तोंडी मोठा घास घेते, पण एखादा रविवार आपण घरी झोपून काढावा. त्या घरी त्या दिवशी मी जाऊन बसेन.