सभेतलं हसू

नगरपालिकेच्या प्रचारसभेला मी धाकट्या बहिणीला, सुमनला, सोबत नेलं होतं. उमेदवाराने आधी देवीचा जयजयकार करवला आणि मग विरोधातल्या बाईंबद्दल म्हणाला, "जिला स्वतःचा संसार टिकवता आला नाही, ती गाव काय सांभाळणार?" सगळा मंडप हसला. मीही हसले.

पुढच्याच क्षणी मी सुमनकडे पाहिलं. तिचा घटस्फोट होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. ज्या तोंडाने देवीचं नाव घेतलं, त्याच तोंडाने त्याने एका बाईची अब्रू काढली, हे मला नंतर उमगलं. हसू मात्र आधी आलं होतं.

मी तिचा हात धरला. तो अलगद सोडवत ती म्हणाली, "ताई, तू बस. मी जाते घरी."